एका दिवसाला दोन नावं

मंगेश,

तुझ्या निधनाची बातमी मीच लिहिली. शहर पानावर, खाली डाव्या कोपऱ्यात, चार ओळी. नाव, भिलाईतला कोहका, पोलादाच्या प्लांटमधली नोकरी, मागे आई आणि पत्नी. आमच्या हिंदी दैनिकात निधनवार्तेला तेवढीच जागा मिळते. ती तुझ्यासाठी वाढवून मागायची नाही, हे मी खुर्चीत बसतानाच ठरवलं होतं. पान छपाईला गेल्यावर मजकूर पुन्हा वाचला. चूक नव्हती. तू असतास तर एखादी काढली असतीस.

त्या चार ओळींत जे बसलं नाही ते इथे लिहिते आहे. तुझं शिक्षण, बढत्या, शेवटचं दुखणं यात नाही. ते कागदोपत्री आहे, ज्याला हवं त्याला मिळेल.

तेरवीच्या आधी तुझ्या आईने, काकूंनी, मला बोलावून घेतलं. तुझा फोटो मोठा करून चौकटीत बसवायचा होता आणि त्याखाली नाव आणि तिथी लिहायची होती. ओळखीच्या घरांतून असल्या मजकुराचं काम माझ्याकडेच येतं. काकू पलंगावर बसल्या होत्या. त्यांची सून फुलेश्वरी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"लिव," काकू म्हणाल्या. "वैशाख वद्य पंचमी."

"आई, जेठ होता," फुलेश्वरी म्हणाली.

"तुमच्यात असंन जेठ. आपल्यात वैशाख आहे."

"मी पण इथंच राहते ना, आई."

कूलरमधलं पाणी संपलं होतं, ते भरायला फुलेश्वरी मागच्या दाराने गेली. काकू माझ्याकडे वळल्या. "तू पेपरवाली आहे. तूच सांग, कोणतं बरोबर?"

मी म्हणाले, दोन्ही.

"मंग लिहू कोणतं?"

याच प्रश्नावर आपण इतकी वर्षं भांडलो.

पुढचा परिच्छेद तुझ्यासाठी नाही. तुला तो पाठ आहे. हे दुसऱ्या कुणी वाचलं तर त्याला लागेल, म्हणून लिहून ठेवते. आपल्या मराठी घरांत महिना अमावास्येला संपतो. फुलेश्वरीच्या माहेरी, म्हणजे इथल्या छत्तीसगढी आणि हिंदी घरांत, तो पौर्णिमेला संपतो. त्यामुळे चांदण्याचा पंधरवडा दोघांच्या एकाच महिन्यात येतो, पण अंधाराचा पंधरवडा आपण चालू महिन्यात धरतो आणि ते पुढच्या. होळीच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा चैत लागलेला असतो, आपला फाल्गुन अजून अर्धा उरलेला असतो. दिवस तोच, तिथी तीच, महिन्याचं नाव तेवढं वेगळं. तू अंधाराच्या पंधरवड्यात गेलास. तुझ्या घरात दोन कॅलेंडरं आहेत. पुढच्या खोलीत काकूंचं, तिथे तो वैशाख होता. फ्रिजच्या बाजूला फुलेश्वरीचं, तिथे जेठ.

भांडण महिन्याचं दिसत होतं, पण नव्हतं. गोंदियाहून तुझा चुलतभाऊ धनराज आला होता आणि तेरवी झाली की काकूंना घेऊन जायचं म्हणत होता. नंदिनी या खाणीच्या गावाहून फुलेश्वरीचे वडील आले होते आणि तिला माहेरी चल म्हणत होते. दोघेही चांगली माणसं आहेत. दोघांच्याही घरी जागा आहे. काकूंनी हे फुलेश्वरीला सांगितलं नव्हतं आणि फुलेश्वरीने काकूंना. दोघींनी मला वेगवेगळं सांगितलं. फोटोखाली वैशाख लिहिला तर फोटो गोंदियाला जाणार होता, जेठ लिहिला तर नंदिनीला. कोहक्याचं घर बंद होणार होतं.

मला तुझं साक्षगंध आठवलं.

तुझ्या आणि फुलेश्वरीच्या लग्नाला दोन्ही घरांनी होकार दिला होता, पण मनापासून नव्हे. साखरपुड्याची बैठक फोनवर ठरली. तुझे बाबा इकडून, तिचे वडील तिकडून, दोघेही एकमेकांना मान देत होते आणि दोघांनाही इंग्रजी तारीख विचारणं कमीपणाचं वाटलं असावं. "फागुन अंधियारी दूज," तिकडून आलं. "हो, फाल्गुन वद्य द्वितीया," इकडून गेलं. दोघांनी फोन ठेवला. तिकडची दूज होळीच्या आधीची होती. इकडची द्वितीया होळीनंतरची. मध्ये अख्खा महिना.

त्या दुपारी तू पहिल्या पाळीतून सुटून गेटबाहेर आलास आणि फोन वाजला. तिथून तू सरळ माझ्या ऑफिसखाली आलास. अंगावर प्लांटचा निळा शर्ट, हेल्मेट हँडलला.

"चल वो. नंदिनीले जाऊ."

"आत्ता? कशाला?"

"माझं साक्षगंध चालू आहे तिथं. मीच नाही."

मी गाडीवर मागे बसले. अंगणात सतरंजी अंथरलेली होती, वरून कापड बांधलं होतं, भांडी झाकून ठेवली होती आणि पाहुणे निघून गेले होते. फुलेश्वरीचे वडील एकटेच खुर्चीवर बसलेले. आयुष्यभर खाणीत चुनखडी काढलेला माणूस, आवाज चढवत नाही. त्यांनी विचारलं, "का होगे? रद्दा भुला गेव का?"

रस्ता विसरलात का, असं ते विचारत होते. तू त्यांच्याच बोलीत उत्तर दिलंस. "रद्दा नई बाबूजी. महीना भुला गेन."

ते हसले नाहीत. पण आत बघून पान वाढायला सांगितलं. तू सतरंजीवर बसलास आणि तुमच्याकडच्या सगळ्या पाहुण्यांसाठी केलेल्या जेवणातलं जितकं एका माणसाला खाता येईल तितकं खाल्लंस. फुलेश्वरी वाढत होती. प्रत्येक वेळी तू हात आडवा केलास की ती थांबायची आणि पुन्हा वाढायची. होळी झाल्यावर आपली मंडळी ठरल्या दिवशी, म्हणजे आपल्या ठरल्या दिवशी, गेली आणि दुसरं साक्षगंध झालं. परत येताना तू गाडी थांबवून मला म्हणालास, "यात चूक कोनाचीच नाही. हे पाहा, हेच तं खरं बेक्कार आहे."

तुझ्या खेळाचं जग तिथून निघालं.

खेळ आपण कॉलेजपासून खेळत होतो. एक टेबल, काही फासे, झेरॉक्स काढलेलं नियमांचं पुस्तक. एकाने जग सांभाळायचं, बाकीच्यांनी त्यात एकेक माणूस व्हायचं आणि काय करतो ते बोलून सांगायचं. जग नेहमी तूच सांभाळलंस. लग्नानंतर तू जुनं जग बंद केलंस आणि नवीन काढलंस: एक नदी, तिचे दोन काठ, वरकाठ आणि खालकाठ. दोन्हीकडे चंद्र एकच, पण एकीकडे महिना अमावास्येला संपतो आणि दुसरीकडे पौर्णिमेला. एकदा वरकाठचे लोक तहाला ठरल्या दिवशी आले आणि समोर कुणी नव्हतं. त्यांना तो अपमान वाटला. त्याआधी महिनाभर खालकाठच्या लोकांनी वाट पाहिली होती, त्यांनाही तो अपमानच वाटला होता. नावा जाळल्या गेल्या. आपला खेळ त्यानंतर सुरू होतो. मी वरकाठची लेखनिक. फुलेश्वरी खालकाठची नावाडी, कारण ती म्हणाली, स्वयंपाकघरातून ऐकण्यापेक्षा मी बसतेच. भिलाई-३ च्या यार्डात इंजिन चालवणारा आपला साहू, तो खच्चरांचा व्यापारी. तो कोणत्याच काठाचा नव्हता आणि त्याला ते सोयीचं होतं.

तुझी सुट्टी पाळीप्रमाणे सरकायची, म्हणून आपला खेळाचा वारही सरकायचा. कधी मंगळवारची दुपार, कधी शुक्रवारची. मी डेस्कवर जाण्याआधी यायचे, साहू ड्यूटी उतरून यायचा. काकू बाजूला तुरीच्या शेंगा सोलत बसायच्या आणि फासे पडले की विचारायच्या, "मेला का कोनी?"

मग ते सॉफ्टवेअर आलं. खेळाचं जग साठवून ठेवण्यासाठी कुठल्या तरी दूरच्या देशातल्या चार-दोन जणांनी बनवलेलं. नकाशे, गावं, माणसं, कोण कधी मेलं, सगळं त्यात ठेवता यायचं. आपलं कॅलेंडर आपण बनवायचं. महिने किती, त्यांची नावं काय, आठवडा किती दिवसांचा, ऋतू कधी बदलतो. तू आठवडाभर त्याच्याशी खेळत होतास. आणि एका दुपारी लॅपटॉप आमच्याकडे फिरवून म्हणालास, "पाहा या लोकायचं. दोन चंद्र चालतात. तीन चालतात. पन एका दिवसाले दोन नावं चालत नाही."

त्यांच्या साइटवर मागण्यांचं एक पान होतं. ज्याला जी सोय हवी ती तिथे लिहायची, बाकीच्यांनी मत द्यायचं, मतं जास्त पडली की ते लोक विचार करायचे. तू तिथे मागणी टाकलीस: एका दिवसाला दोन कॅलेंडरं असावीत, त्यातलं मुख्य कोणतंच नसावं, आणि ज्याचा माणूस ज्या काठचा त्याला त्या काठचा महिना दिसावा. तुझं इंग्रजी मी तपासून दिलं. त्यातली एक दुरुस्ती तू परत काढून टाकलीस, कारण त्यात मी "मुख्य" हा शब्द घातला होता.

मतं आपलीच पडली. साहूने दोन दिली.

"एक मेरा, एक इंजन का," तो म्हणाला. साइटवाल्यांनी इंजिनाचं मत काढून टाकलं. साहूने त्याचा बराच काळ राग धरला. "इंजन को भी तो टाइम से चलना पड़ता है, संपादक जी."

काही दिवसांनी त्यांचं उत्तर आलं. भाषा सभ्य होती. मुख्य कॅलेंडर एकच असू शकतं, दुसरं नाव त्या दिवसाखाली टीप म्हणून लिहिता येईल. आणि एक प्रश्न होता: दोन खेळाडूंना एकच दिवस वेगवेगळ्या नावाने दिसला, तर दिवस कोणता हे ते एकमेकांना सांगतील कसं?

मी म्हणाले, "हाच माझा प्रश्न आहे. आता दे उत्तर."

"देतो वो. विचार करून राहिलो."

"किती दिवस?"

"कोणत्या कॅलेंडरनं?"

ते उत्तर तू कधीच दिलं नाहीस. त्याऐवजी तू हाताने काम केलंस. वरकाठचं कॅलेंडर मुख्य ठेवलंस आणि प्रत्येक दिवसाखाली खालकाठचं नाव टीप म्हणून टाइप केलंस. खेळातलं वर्ष संपलं की सगळं फिरवायचास: खालकाठ मुख्य, वरकाठ टिपेत. पुढच्या वर्षी पुन्हा उलट. एकदा काकू मला म्हणाल्या, "सुट्टीच्या दिवशी लोकं झोपतात. हा पोट्टा बसून महिने उलटे करून राहिला." मीही तुला हसले होते. बातमीला तारीख एकच असते, असं मी पुन्हा सांगितलं. दोन दिल्या की वाचणारा गोंधळतो, आणि गोंधळलेला वाचणारा आपल्याला सोयीची तारीख धरतो. तुझं साक्षगंध हाच माझा पुरावा होता. तोच तुझाही होता.

या भांडणात एक गोष्ट मी कधी मान्य केली नाही, ती इथे नोंदवते. माझे वडील अंथरुणाला खिळले होते त्या काळात मी तुमच्या टेबलाशी आले नाही. घर, दवाखाना, डेस्क, एवढंच चालू होतं. माझ्यावाचून खेळ पुढे जाणार हे मी धरून चाललं होतं. वडील गेल्यानंतर बऱ्याच दिवसांनी मी आले, तेव्हा तू लॅपटॉप उघडलास आणि खेळातली तारीख तीच होती. मी उठून गेले होते ती. नदीकाठच्या धर्मशाळेत माझी लेखनिक दिवा विझवायला वाकली होती, आणि ती अजून वाकलेलीच होती. साहू म्हणाला, "इतने महीने से मेरे खच्चर पानी पी रहे हैं, मैडम. अब तो उठने दो." तू फासे माझ्याकडे सरकवलेस. मी आभार मानले नाहीत. आपल्यात ती पद्धत नव्हती. आज मानते.

आता ते कॅलेंडर तुझ्यासाठी थांबलं आहे. तारीख पुढे सरकवण्याचा अधिकार फक्त तुझ्या खात्याला आहे. फुलेश्वरीला पासवर्ड माहीत आहे. तिने लॅपटॉप उघडून मला दाखवलं. तू बरेच दिवस पुढचं करून ठेवलं होतंस, प्रत्येक दिवसाला दोन नावं. पुढे सरकत गेलो की एका जागी टिपा संपतात. तिथून पुढच्या दिवसांना एकेकच नाव आहे. त्या जागी येऊन तिने झाकण मिटलं.

आपली शेवटची दुपार तहाची होती. सगळी कलमं ठरली होती. नावा पुन्हा बांधायच्या, जकात नाही, माणसं दोन्हीकडे जाऊ-येऊ शकतील. फक्त तारीख राहिली होती. माझ्या लेखनिकने वरकाठचा महिना लिहिला आणि त्याखाली छोट्या अक्षरात खालकाठचा.

"तुमचा वर, आमचा खाली," फुलेश्वरी म्हणाली. "परत तेच ना, दीदी?"

"मग तुझा वर लिहू?"

"मग तुम्ही भांडाल."

"आजू-बाजू में लिख दो," साहू म्हणाला.

"डावीकडचा आधी वाचतात," मी म्हणाले.

"आप लोगों का कुछ नहीं हो सकता. खच्चर भूखे हैं."

निकाल तू द्यायचा होतास. आम्ही तिघं तुझ्याकडे बघत होतो. तू फासे स्टीलच्या डब्यात भरलेस आणि म्हणालास, "पुढच्या सुट्टीले."

मला सोडायला तू फाटकापर्यंत आलास. ऊन होतं, तू डोक्यावर हात धरला होतास. म्हणालास, "तुले एकच तारीख कावून पाहिजे, माहीत आहे? तुले दुसऱ्या दिवशी पेपर काढा लागते. आमाले घर चालवा लागते."

माझ्याकडे उत्तर तयार होतं. डेस्कची वेळ होत आली होती म्हणून दिलं नाही, पुढच्या वेळी देईन म्हटलं. उत्तर असं होतं: दोन नावं चालतात, कारण मध्ये तू आहेस. तू हाताने टिपा लिहितोस, तू वर्षाला महिने फिरवतोस, तू नंदिनीला जाऊन जेवतोस. दोन्हीकडचं जाणणारा माणूस मध्ये असेपर्यंतच हे टिकतं. तो नेहमी असेल असं नाही. म्हणून एकच तारीख हवी.

पुढची सुट्टी आली नाही. आणि तेरवीच्या आधी तुझ्या पुढच्या खोलीत काकू मला विचारत होत्या, मंग लिहू कोणतं. माझं उत्तर बरोबर ठरत होतं. ते इतकं बरोबर ठरू नये असं मला वाटत होतं.

मी तुझी मागणी वापरून पाहिली. दोन चौकटी करू, म्हणाले. एकीवर वैशाख, एकीवर जेठ. ज्याची त्याला.

काकूंनी मान हलवली. "दोन फोटो केले तं दोन घरं झाले, पोरी."

फुलेश्वरी कूलरपाशी उभी होती. तीही म्हणाली, "नको दीदी."

त्या बाबतीत दोघींचं एकमत होतं, पण एकमेकींकडे न बघता. मी फोटोवाल्याकडे गेले. त्याने विचारलं, "मैडम, नीचे क्या लिखना है?" मी तुझं नाव दिलं. तिथीपुरती जागा मोकळी सोडायला सांगितलं. इतकी वर्षं पानं लावते आहे, तारीख न टाकता एकही कधी सोडलं नव्हतं.

तेरवी झाली. धनराजने काकूंची बॅग भरायला घेतली. काकू म्हणाल्या, महिन्याची पंचमी इथं होऊ दे, पोराचं पान इथं वाढते, मंग येते. नंदिनीच्या बाबूजींना फुलेश्वरीनेही काही तरी असंच सांगितलं असावं, कारण तेही एकटेच परत गेले.

पंचमीच्या आठवड्यात मला दोन फोन आले. आधी काकूंचा. "पंचमीले येजो." मग फुलेश्वरीचा. "दीदी, पंचमीला या." महिना कुणीच सांगितला नाही. मीही विचारला नाही. ऑफिसातल्या कॅलेंडरवर पाहिलं, दिवस एकच होता.

मी पोचले तेव्हा दोघी स्वयंपाकघरात होत्या. काकूंनी डाळीच्या गोळ्यांचा गोळाभात केला होता. फुलेश्वरीने ठेठरी तळली होती, बेसनाची, तू खिशात घालून प्लांटला न्यायचास ती. पान वाढताना काकू थांबल्या. आणखी काही खोलीत न्यायचं होतं, की तुला आवडणारं काही राहिलं होतं, कोण जाणे. त्यांनी वळून विचारलं, "पोरी, आजच आहे ना?"

"हो आई. आजच."

फुलेश्वरीने पानावर ठेठरी ठेवली. काकूंनी ती उचलून भाताच्या जवळ सरकवली, गोळ्याला लागेल अशी. पान दोघींनी मिळून बाहेर नेलं. साहू गणवेशातच आला होता, तो अंगणात उभा राहिला. मग म्हणाला, "भैया होते तो पूछते, कोई मरा क्या." तो प्रश्न काकूंचा होता, तुझा नव्हे. कुणी त्याला सुधारलं नाही. काकू पदराने डोळे पुसत होत्या आणि थोड्या हसतही होत्या.

आम्ही जेवत असताना धनराजचा फोन आला. घ्यायला कधी येऊ, असं तो विचारत असणार. काकू म्हणाल्या, "पुढची पंचमी होऊन जाऊ दे बाप्पा. मंग पाहू." त्यांनी फोन ठेवला. संध्याकाळी नंदिनीहून फोन आला. फुलेश्वरी त्याच खोलीत होती, काकूही होत्या. ती म्हणाली, "अगली पंचमी के बाद, बाबूजी." काकू समोर भिंतीकडे बघत होत्या. तिथे तुझा फोटो आहे.

त्या दिवशीचे महिनेही दोघींच्या कॅलेंडरवर वेगवेगळेच होते. मी मुद्दाम जाऊन पाहिलं. पुढच्या खोलीत ज्येष्ठ, फ्रिजच्या बाजूला आषाढ. पण महिन्याला येणाऱ्या पंचमीला महिन्याचं नाव लागत नाही. त्यांनी ते वर लिहिलं नाही, खाली लिहिलं नाही, बाजूला लिहिलं नाही. त्यांनी ते घेतलंच नाही. मध्ये तू नव्हतास. मी होते, पण मला कुणी काही विचारलं नाही.

ऑफिसला जाऊन पान लावलं. ते छपाईला गेल्यावर मी त्या सॉफ्टवेअरच्या मागण्यांचं पान उघडलं. तुझी मागणी अजून तिथे आहे, मतं तेवढीच. त्यांच्या प्रश्नाखाली उत्तराची जागा रिकामी होती. तुझ्या नावाने लिहिता येईना, म्हणून माझ्या नावाने लिहिलं. मागणी करणारा माझा मित्र होता, तो आता नाही, एवढं आधी सांगितलं. पुढे त्यांनी जे विचारलं होतं त्याचं उत्तर लिहिलं: त्याच्या घरी दोघी जणी राहतात, त्याची आई आणि बायको. एकच दिवस त्यांना वेगवेगळ्या नावाने दिसतो. त्या एकमेकींना "आज" म्हणतात.

इंग्रजी तपासायला कुणाला दाखवलं नाही.

तहावर तारीख अजून नाही. आम्ही तिघं कधी बसू, बसलो तर जग कोण सांभाळेल, ठरलेलं नाही. साहू म्हणतो, घाई नाही, खच्चरांना सवय आहे. वर्ष भरेल तेव्हा मात्र पंचमी पुरणार नाही, महिना सांगावाच लागेल. धनराज गोंदियाहून विचारेल, बाबूजी नंदिनीहून विचारतील, आणि त्या दोघी काय म्हणतील मला माहीत नाही. तोपर्यंत त्या घरात असतील का, तेही माहीत नाही. आत्ता आहेत.

फाटकापाशी तुला द्यायचं राहिलेलं उत्तर मी खोडलं आहे. फोटोखालची जागा मोकळी आहे.